जिना: मिस्त्री १५ पायऱ्या म्हणतायत, सेंट्रिंगच्या आधी सल्ला हवा

पायवाट
वाईजवळ गावाकडे जुनं घर पाडून नवं बांधतोय. पुढच्या आठवड्यात जिन्याचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा). मजल्याची उंची १० फूट ६ इंच. जिन्याला मागच्या भिंतीपासून हॉलपर्यंत लांबी १० फूट, रुंदी साडेसहा. मिस्त्री म्हणतात, "१५ पायऱ्यांत बसवतो, हॉलला दीड फूट जास्त मिळेल." आई ७१ वर्षांची, उजवा गुडघा दुखतो. वर देवघर आहे, म्हणजे रोज चढउतार. शिवाय पायऱ्या विषमच हव्यात असं तिचं म्हणणं. काय करू?

ओळंबा
१२६ इंच भागिले १५ म्हणजे पायरीची उंची ८.४ इंच, २१३ मिमी. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घराला रायझर (पायरीची उभी बाजू) जास्तीत जास्त १९० मिमी आणि ट्रेड (पाऊल ठेवायची आडवी जागा) कमीत कमी २५० मिमी सांगितला आहे. मिस्त्रींचा जिना तिथेच नापास.

१८ रायझर घ्या, बरोबर ७ इंच येतात. ट्रेड १० इंच. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून ६० ते ६४ सेंमी भरले की चाल नैसर्गिक पडते. १७व्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविदाचा हा हिशोब अजून चालतो. तुमचे २४ इंच, म्हणजे ६१ सेंमी.

मध्ये लँडिंग (वळायची सपाट जागा), दोन्हीकडे ९-९ रायझर. नववा रायझर चढला की थेट लँडिंग किंवा मजला, म्हणून ट्रेड आठच. आठ ट्रेडचे ८० इंच, लँडिंगचे ३६, एकूण ९ फूट ८ इंच. बसतंय. दीड फुटात हॉलमध्ये एक टीपॉय येईल फार तर. लँडिंगवर तिकोनी पायऱ्या मात्र करू देऊ नका, आतल्या बाजूला पाऊल मावत नाही.

चाफा
विषमची काळजी नको. वरची स्लॅब धरली तर १८, सोडली तर १७. आमच्याकडे सासूबाईंना १७ मोजून दाखवल्या, विषय मिटला 😄

सातासमुद्रापार
इकडे न्यू जर्सीत घर घेताना इन्स्पेक्टरने प्रत्येक पायरी टेपने मोजली होती. एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. तेव्हा मला तो किरकिरा वाटला होता.

ओळंबा
किरकिरा नाही, मुद्द्याचं तेच आहे. दोन पायऱ्या चढल्या की पाय उंची पाठ करतो, नंतर आपण खाली बघत नाही. वाड्यातला खडा जिना माणूस दोरी धरून जपून चढतो. सरळ दिसणाऱ्या जिन्यातली एकच वेगळी पायरी पाडते.

आणि ही चूक काँक्रीटमध्ये नाही, फरशीत होते. समजा कच्च्या पायऱ्या सगळ्या ७ इंच ओतल्या. खाली हॉलमध्ये बेडिंग (फरशीखालचा थर) धरून फरशी अडीच इंच चढली, पायरीवर दगड बसून एकच इंच वाढला. पहिली पायरी उरते साडेपाच इंच. वरच्या मजल्यावरही फरशी अडीच इंच, म्हणून शेवटची होते साडेआठ. मधल्या सगळ्या सात. घराघरांत शेवटच्या पायरीला बोट ठेचतं ते यामुळे.

म्हणून १० फूट ६ इंच हे तयार फरशी ते तयार फरशी मोजलंय का ते बघा. पहिला आणि शेवटचा रायझर फरशीची जाडी धरून ओता: या हिशोबात पहिला साडेआठ, शेवटचा साडेपाच. फरशी पडली की दोन्ही सातवर येतात.

चाफा
कठडा दोन्ही बाजूंना करा. चढताना उजव्या हाताला असलेला उतरताना डाव्या हाताला येतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतरणंच जड. आणि पॉलिश ग्रॅनाइट नको, पावसाळ्यात ओल्या पायाने घसरायला होतं. कोटा फरशी चालेल, पुढच्या कडेला खाचा मारून घ्या. दिव्याला खाली-वर टू-वे स्विच.

पायवाट
आज साइटवर जाऊन आलो. १८ ला मिस्त्री तयार झाले, थोडं तोंड वाकडं करून. उंची मात्र कच्च्या जमिनीपासून कच्च्या स्लॅबपर्यंतच मोजलेली निघाली. वर-खाली फरशी सारखीच जाड असेल तर सातचा हिशोब तसाच राहतो ना? कारण वरची टाइल आम्ही ठरवलेलीच नाही.

ओळंबा
सारखी असेल तर राहतो. आधी टाइल ठरवा. सेंट्रिंग दोन दिवस थांबलं तरी चालेल.

पायवाट
उद्या आईला घेऊन साताऱ्याला जातोय टाइल बघायला. कोट्याचा एक तुकडाही आणतो, मिस्त्रींना जाडी हातात दिलेली बरी.