२५ मिनिटांनी बंद पडणारे बोटीचे जुने डिझेल इंजिन : दोष टाकीकडे की पंपाकडे?

हर्णैकर_दर्यावर्दी :

सर्वांना नमस्कार. आमची ४५ फुटी लाकडी मासेमारी बोट हर्णै बंदरात असते. तिचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मूळ ट्रकच्या इंजिनावरून बोटीसाठी तयार केलेले असून ते वीस वर्षांहून अधिक जुने आहे, परंतु आजवर त्याने आम्हाला समुद्रात कधी दगा दिलेला नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवली होती आणि तेव्हा ४०० लिटरच्या लोखंडी टाकीत शंभरएक लिटर डिझेल उरले होते. ऑगस्टमध्ये त्यावरच आणखी दीडशे लिटर भरून आम्ही निघालो.

अडचण अशी आहे. बंदरात गिअर न टाकता इंजिन तासभर व्यवस्थित चालते. मात्र सुवर्णदुर्ग मागे टाकून रेस वाढवली की साधारण २५ मिनिटांनी आवाज बदलतो, रेस आपोआप वरखाली होऊ लागते आणि दोन-तीन मिनिटांत इंजिन शांतपणे बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबून फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरचा) हातपंप मारला की ते पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद पडते. दोन्ही फिल्टर नवीन टाकले, तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला. आमचे तांडेल (बोटीचे प्रमुख) म्हणतात की पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळे अडकून लोड येत असावा. मेकॅनिकचे म्हणणे आहे की डिझेल दाबाने पुढे सोडणारा मुख्य पंप व ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल उतरवून कॅलिब्रेशनसाठी (मोजून जुळवणीसाठी) पाठवावेत. त्यात आठवडा जाईल, खर्चही मोठा आहे आणि हंगाम तर नुकताच सुरू झाला आहे. पंप उतरवण्यापूर्वी आणखी काही तपासता येईल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुना_मिस्त्री_रत्नागिरी :

पंप सध्या उतरवू नका. मी ३४ वर्षे बोटींची इंजिने दुरुस्त केली आणि अशा तक्रारीवर उतरवलेले कित्येक पंप निर्दोष निघालेले पाहिले आहेत. पंपाचे एलिमेंट (आतले दाब देणारे भाग) झिजले असतील तर इंजिन गरम असताना सुरू व्हायला त्रास देते, ताकद सतत कमी लागते; पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने ते बरे होत नाही. तुमचे इंजिन विश्रांतीने बरे होते, म्हणजे पंपाला डिझेल पुरत नाही आणि ओढ थांबली की कुठला तरी अडथळा आपोआप मोकळा होतो.

पंख्यात जाळे असते तर लोड वाढल्याने काळा धूर आला असता आणि पाण्याचे तापमान चढले असते. काळा धूर न येता रेस पडत असेल तर इंजिन उपाशी आहे असे समजावे. आपण धुराविषयी लिहिलेले नाही, ते आधी पाहून घ्या.

दोष टाकीकडे आहे की इंजिनाकडे, हे ठरवण्याची एकच खात्रीची रीत मला ठाऊक आहे. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या आणि त्यात गाळलेले डिझेल भरा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाच्या तोंडाशी सोडवून तिथे कॅनमधून नवीन पारदर्शक नळी जोडा. परत जाणारी नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर उरलेले डिझेल टाकीत जाऊन कॅन लवकर रिकामा होईल. कॅन टाकीच्या तळाच्या पातळीवरच ठेवा, उंचावर नाही. उंचावर ठेवलेल्या कॅनचे डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते आणि फीड पंप कमजोर असला तरी इंजिन चालते, मग आपली फसगत होते. कॅन दोरीने घट्ट बांधा, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवा, आणि हे सगळे धक्क्याला बोट चांगल्या दोरांनी बांधून, गिअर टाकून करा; समुद्रात नव्हे. पाऊण तास इंजिन अखंड चालले तर पंप, नोझल व फिल्टर यांना हात लावायचे कारण उरत नाही. तरीही बंद पडले तर फीड पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून पाहा. फिल्टर बदलणारे बहुतेक जण ती जाळी विसरतात.

मालवण_किनारा :

मिस्त्रींच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझी पर्यटकांना नेणारी बोट दोन सिलिंडरची, लहान आहे, तरी टाकीच्या बाजूचे दोन दोष मी स्वतः भोगले आहेत म्हणून लिहितो.

पहिला दोष टाकीच्या हवेच्या नळीचा. पावसाळ्यात बोट उभी असताना कुंभारीण माशीने त्या नळीच्या तोंडात मातीचे घर केले होते. डिझेल बाहेर जात राहिले, त्या जागी हवा आत येईना, आणि टाकीत निर्वात तयार होऊन पंपाची ओढ अपुरी पडू लागली. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मरू लागले की लगेच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन सावरले, तर दोष तिथेच.

दुसरा दोष रबरी नळीचा आणि तो सापडायला मला महिना लागला. नळी बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती, परंतु आतले अस्तर सुटले होते आणि रेस वाढून ओढ वाढली की ते जिभेसारखे उठून वाट अडवत होते. उलट्या बाजूने फुंकले की नळी मोकळी लागायची. तुमची नळी किती वर्षांची आहे, हे पाहा.

पनवेलचा_इंजिनिअर :

एक मुद्दा सुटू नये म्हणून जोडतो. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंत, जोड सैल असेल तर तिथून डिझेल टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे ‘कुठेही गळती नाही’ असे म्हणून ही शक्यता सोडू नये. टाकी भरलेली असताना डिझेलची पातळी पंपाच्या वर असते आणि सगळे ठीक चालते. टाकी अर्ध्याखाली गेली की पंपाला खालून खेचावे लागते व हवा शिरू लागते. आपल्या ४०० लिटरच्या टाकीत २५० लिटर होते, त्यातले आता किती उरले आहे, याचाही विचार करावा. बेंजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर जुनेच पुन्हा बसवले असतील तर ते सर्व नवीन टाकावेत.

नळ्या सोडल्यावर एअर (आत अडकलेली हवा) काढताना क्रम पाळावा. आधी पहिला फिल्टर, मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. प्रत्येक ठिकाणी हातपंप मारत बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे आणि प्रवाह चालू असतानाच स्क्रू आवळावा. नोझलच्या नळ्यांचे नट शेवटी सैल करावेत. त्या नळ्यांतला दाब शंभराहून अधिक बार असतो आणि अशी धार कातडी भेदून आत जाते, म्हणून गळती शोधण्यासाठी तिथे कधीही हाताचे बोट फिरवू नये. असे झालेच तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

हर्णैकर_दर्यावर्दी :

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काळा धूर अजिबात येत नव्हता. खलाशाने बुडी मारून पंखाही पाहिला, तो मोकळा होता.

मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे काल धक्क्याला बोट बांधून कॅन लावला. इंजिन पन्नास मिनिटे एकसारखे चालले, रेस तसूभरही हलली नाही आणि पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसला नाही. हवेची नळी फुंकून पाहिली, तीही मोकळी होती. मग टाकीचे वरचे झाकण काढून ओढीचा पाइप बाहेर घेतला. त्याच्या खालच्या टोकाची जाळी काळ्या, बुळबुळीत थराने लिंपली होती. बोटात घेतल्यावर तो थर शेवाळासारखा लागला, त्यात गंजाचे बारीक कण होते आणि त्याला नासल्यासारखा वास येत होता. हातपंपाची नळी टाकीच्या तळाला टेकवून पहिले पाच लिटर काढले व प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा तास ठेवले. बाटलीत तळाशी चार बोटे पाणी, त्यावर काळा पापुद्रा आणि त्याच्या वर डिझेल, असे तीन थर स्पष्ट दिसले. खाडीत बोट तर एका जागी उभी होती, मग टाकीत एवढे पाणी कोठून आले असावे?

जुना_मिस्त्री_रत्नागिरी :

दोष सापडला, फार समाधान वाटले. टाकी रिकामी असेल तितकी तिच्यात दमट हवा जास्त असते. पावसाळ्यात रात्री लोखंड गार झाले की त्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतींवर धरते, थेंब ओघळून तळाशी जातात, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तिथेच राहते. पाणी व डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी वाढते. तुमच्या हाताला लागलेला थर तोच. इंजिन ओढत असताना तो जाळीला चिकटतो आणि बंद झाले की सुटून खाली बसतो, म्हणून तुम्हाला दर वेळी २५ मिनिटे मिळत होती. बंदरात डिझेल कमी लागत असल्याने ओढ कमी असायची आणि तासभरही निघायचा. तरीही टाकीच्या झाकणाचे पॅकिंग तपासा, कारण डेकवरचे पावसाचे पाणी तिथूनही उतरते.

आता नुसती जाळी धुऊन निघू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, माणूस किंवा हात जाईल तेवढे आतून पुसून घ्या, पण पुसायला सुती चिंध्या वापरू नका, त्यांचे धागे पुन्हा जाळीवरच येतात. टाकीत पाणी मारून धुऊ नका. काढलेले डिझेल दोन दिवस ड्रममध्ये निवळू द्या, वरचे तेवढे गाळून घ्या, तळाचे पुन्हा वापरू नका आणि बंदरात ओतूही नका. दोन्ही फिल्टर परत नवीन टाका. आत्ताचे जेमतेम दोन फेऱ्यांचे असले तरी त्यांत हीच घाण बसली आहे. टाकी उघडीच आहे तर तळाच्या सर्वांत खोल जागी पाणी सोडायचा कॉक (तोटी) वेल्ड करून घ्या. वेल्डिंग टाकी बोटीतून बाहेर काढून, पूर्ण वायुमुक्त करूनच करावे लागते, हे वेल्डरला बजावून सांगा.

रबरी नळी कितीची आहे, हे तुम्ही सांगितले नाही.

हर्णैकर_दर्यावर्दी :

नळी निदान दहा वर्षांची होती. आज कापून पाहिली. अस्तर अजून सुटलेले नव्हते, पण दाबल्यावर आतून पापुद्रे पडत होते, म्हणून पूर्ण नळी व सर्व तांब्याचे वॉशर बदलत आहोत. टाकी उद्या सकाळी बाहेर काढू. कॉक बसवून झाल्यावर पहिली फेरी किनाऱ्याच्या जवळूनच, नांगर तयार ठेवून आणि सोबतीला दुसरी बोट घेऊन करू व दोन तासांनी इंजिन कसे चालले ते इथे कळवतो.