एकच फायबर, दोन ऑफिसं: एकमेकांचे कॉम्प्युटर दिसू नयेत, काय करावं?

खटपट्या_पुणे३०
सदाशिव पेठेत आमचं सीए ऑफिस, टॅलीचं मशिन धरून आठ कॉम्प्युटर. जिन्यापलीकडे आर्किटेक्ट. फायबर आमच्या नावावर, बिल निम्मं-निम्मं. मोडेमच्या एका पोर्टातून वायर थेट त्यांच्या साध्या स्विचला गेलीय. परवा त्यांच्याकडचा पोरगा चहा पिता पिता म्हणाला, "तुमचा 'ऑडिट फायनल' फोल्डर आमच्याकडे दिसतो बरं का." ऐन ऑडिटच्या सीझनला! दुसरं कनेक्शन घ्यायला सर राजी नाहीत. त्यांचा ए-३ प्रिंटर मात्र आम्हाला लागतो.

कोथरूडकर
तपकीर गल्लीतून एक राउटर आणा, मोडेमची वायर त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत घेणाऱ्या भोकात) घाला आणि आर्किटेक्टला त्याच्यामागे बसवा. विषय संपला.

वायरवाले_काका
कोथरूडकर, उलटं झालं. असा राउटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आतून जाणाऱ्याला नाही. आर्किटेक्ट आत बसले तरी आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) टाकून सीएंची मशिनं त्यांना गाठता येतील. आत बसवायचंच तर सीएंना बसवा. पण ही तात्पुरती मलमपट्टी.

खटपट्या, ज्याचे पोर्ट वेगवेगळे करता येतात असा राउटर घ्या. एका पोर्टावर तुम्ही १९२.१६८.१०.० या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात), दुसऱ्यावर ते १९२.१६८.२०.० मध्ये, दोघांचा डीएचसीपी (मशिनांना आपोआप पत्ते वाटणारा) वेगळा. वायरी आधीच वेगळ्या आहेत, त्यामुळे व्हीलॅनची (एकाच वायरीवर दोन नेटवर्कं वेगळी ठेवण्याची) भानगड नको. आता सगळे विसरतात ते ऐका: नुसते सबनेट वेगळे करून काही होत नाही. राउटर इकडचं तिकडे पोचवणारच, त्याचं कामच ते. दोघांमधला रस्ता बंद करणारा फायरवॉल नियम (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं ते) स्वतः लिहावा लागतो. प्रिंटरला कायमचा आयपी द्या आणि तुमच्याकडून फक्त त्या आयपीच्या ९१०० पोर्टाला (हा वायरीचा पोर्ट नव्हे, छपाईचा क्रमांक) परवानगी. हा नियम बंदीच्या वर हवा, नियम वरून खाली वाचले जातात.

मोडेमला राउटरखेरीज काहीही जोडायचं नाही. त्याचं वायफायही बंद.

खटपट्या_पुणे३०
काका, वायफाय बंद केलं तर सरांच्या फोनचं काय? आणि संध्याकाळी त्यांची ड्रॉइंगं अपलोड होतात तेव्हा आमचं पोर्टल गोल गोल फिरत बसतं.

वायरवाले_काका
घरी जुना राउटर पडला असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी तुमच्या १० च्या सबनेटमधला मोकळा द्या आणि लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टातून तुमच्या स्विचला जोडा, सरांचा फोन खूश. अपलोडला त्यांच्या पोर्टावर मर्यादा घाला, निम्म्यावर ठेवा.

आणखी एक, सरांच्या कानावर घालाच. बाहेरच्या जगाला दोन्ही ऑफिसं एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. तिकडून कुणी काही उद्योग केले तर विचारणा कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडे येणार. प्लॅनच्या अटींत शेअरिंग चालतं का, तेही बघा.

राउटर येईल तेव्हा येईल. त्या फोल्डरच्या शेअरिंगमधून 'एव्हरीवन' (म्हणजे सगळ्यांना परवानगी) आत्ताच काढा.