हैदराबादच्या गल्लीतल्या बेकऱ्यांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या आठवड्यात नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला चाललोय, एक मुक्काम आहे. घरच्यांसाठी उस्मानिया बिस्किटं अन् दम का रोट (रवा-तुपाचं जाड गोड बिस्किट) आणायचाय. कराची बेकरीची फ्रूट बिस्किटं सुचवू नका, त्यांचे पुडे आपल्याकडं सगळीकडं मिळतात. चारमिनारजवळ निमरा अन् नामपल्लीची सुभान बेकरी ही नावं माहितीयत, तिथं जाणारच आहे, पण मला मोहल्ल्यातली बेकरी पाहिजे जिथं भट्टीतला गरम ट्रे समोरच काउंटरवर येतो, बिस्किट तोडलं की आधी खारट मग गोड लागतं अन् चहात बुडवलं तरी लगेच गळून पडत नाही.

इथल्या बेकरीवाल्याला सांगून बनवून घेतलं, माणूस मनापासून करतो, पण त्याचं नानकटाईसारखंच होतंय, तो खारेपणा काही येत नाही.

आईला अंडं चालत नाही, म्हणून विचारल्यावर नीट सांगणारं दुकान असावं. रोट मोहरममध्ये भरपूर असतो हे माहितीय, मला आता लागतोय. गाडी नाही, मेट्रो नाहीतर रिक्षा, त्यामुळं सिकंदराबाद ते नामपल्ली या पट्ट्यातलंच सांगा, हायटेक सिटीकडचं नको. किमतीचं टेन्शन नाही, माल ताजा पाहिजे.

तिकडं राहणाऱ्या आपल्या लोकांनी सांगा, तुम्ही स्वतः घरी नेता ती बेकरी कोणती, ताजा माल किती वाजता निघतो, अन् रोट रेल्वेत न चुरता आणायचा तर पॅकिंग कसं करून घ्यायचं?