विडी कामगार बायका व्यायामाला टिकत नाहीत, काय करू?

पूर्व भागातली फिजिओ:
सोलापुरात पूर्व भागात समाजमंदिरात संध्याकाळी सहाला व्यायामाचा गट घेते. पहिल्या दिवशी तेवीस जणी आल्या, तिसऱ्या आठवड्यात चार. गुडघे दुखतात, कंबर भरून येते, हे त्याच सांगतात. दिवसभर मांडीवर सूप, मान खाली, हात थांबत नाहीत. एका मावशींना उठताना पाहिलं. आधी हात जमिनीवर, मग भिंत, मग दाराची चौकट. मला रात्री झोप लागली नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. ती यांच्या दिवसात बसवू कुठे?

विडी कामगाराची लेक:
ताई, सहाची वेळच चुकली. तेव्हा पाणी भरायचं असतं, भाकरी थापायच्या असतात, उद्याची पानं कापायची असतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. अर्धा तास तुमच्याकडे आली की तेवढ्या विड्या कमी. माझी आई तीस वर्षं वळतेय. तिला मी सांगितलंय, शंभर झाल्या की सूप खाली ठेव, पाय लांब कर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच आकडे दाबून धर. दहा वेळा. मग उठून दारापर्यंत जा. एवढं ती करते, कारण त्यासाठी घर सोडावं लागत नाही. आणि माल द्यायला सगळ्या जणी कारखान्यावर येतातच, तिथल्या रांगेत जाऊन उभ्या राहा. तेलुगू बोलणारी कुणीतरी सोबत न्या.

दुसरा फिजिओ:
अगदी बरोबर. हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात काढून टाकली आहे. दोन-दोन मिनिटंही मोजली जातात. मात्र गुडघा सुजलेला, गरम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा. आणि पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी हवेत, नाहीतर त्या पडतात.

पूर्व भागातली फिजिओ:
काल सकाळी रांगेत गेले. भिंतीला हात टेकून टाचा वर, हळूच खाली. अकरा जणींनी केलं, डोक्यावरचा पदर सावरत. चौकट धरून उठणाऱ्या मावशीही होत्या. 'मोकालु नोप्पी' म्हणजे गुडघेदुखी, एवढं शिकून आले. टाचेला तेलुगूत काय म्हणतात, सांगाल का? उद्या लागेल.