अधिशोषण की अवशोषण?

विचारणा: यवतमाळ जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त भूजलाविषयी मराठीत लेख लिहीत आहे. सक्रिय ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र कणांच्या) थरातून पाणी सोडले की त्यातील फ्लोराइड कमी होते, या क्रियेला अवशोषण म्हणावे की अधिशोषण? दोन्ही शब्द एकाच अर्थाने छापलेले दिसतात.

उत्तर: येथे अधिशोषण हाच शब्द योग्य आहे. ‘अव’ उपसर्गात खाली किंवा आत उतरण्याचा भाव आहे (अवतरण, अवगाहन), तर ‘अधि’ म्हणजे वर (अधिरोहण). अमोनिया वायू पाण्यात शिरून सर्वत्र पसरतो, ते अवशोषण. फ्लोराइडचे आयन मात्र ॲल्युमिनाच्या पृष्ठभागालाच धरून राहतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी १८८१ मध्ये या दुसऱ्या क्रियेसाठी ‘ॲडसॉर्प्शन’ ही वेगळी संज्ञा वापरली, ती याच भेदासाठी. घोटाळा होतो तो कण सच्छिद्र असल्यामुळे: छिद्रात गेलेला पदार्थ ‘आत’ गेला असे वाटते, पण छिद्राची भिंत हाही पृष्ठभागच होय. करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला असा पृष्ठभाग साधारणपणे ५०० चौरस मीटरहून अधिक असतो. मला स्वतःला पृष्ठशोषण हा पर्याय अधिक बोलका वाटतो.

हा भेद लेखात नेमकेपणाने यावा असे मला मनापासून वाटते, कारण पृष्ठभागावरील जागा भरल्या की थर निकामी होतो, मग तो कॉस्टिक सोड्याने धुऊन आणि आम्लाने पूर्ववत करून पुन्हा वापरावा लागतो, आणि काढलेले फ्लोराइड त्या धोवणात तसेच उरते. म्हणून ‘फ्लोराइड नष्ट होते’ असे कृपया लिहू नये. ते फक्त जागा बदलते, आणि धोवणाची विल्हेवाट नीट लावली नाही तर तेच पुन्हा जमिनीत जाते.

विचारणा: गावातील वाचकांसाठी ‘मुरते’ चालेल का?

उत्तर: नाही. पाणी जमिनीत मुरते, म्हणजे आत उतरते; फ्लोराइड ॲल्युमिनाला ‘चिकटते’ किंवा ॲल्युमिना ते ‘धरून ठेवते’, असे लिहावे. नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीचा उल्लेख लेखात येणार असेल, तर तेथे मात्र तुरटी व चुना घालून पाणी निवळवतात आणि फ्लोराइड गाळाबरोबर तळाशी बसते. त्या क्रियेला सहअवक्षेपण म्हणता येईल, कारण तेथे ‘अव’ म्हणजे अक्षरशः खाली.