परभणी: घरची लँडलाईन फायबरवर न्यावी का?

परभणीकर: आई-बाबा परभणीत, मी पुण्यात. घरची लाईन तांब्याची, आता फार खरखरते. कंपनीवाले म्हणतात फायबर घ्या, फोन आणि नेट दोन्ही एकाच वायरवर. बाबांना दोनच काळज्या आहेत. 02452 चा नंबर सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ आहे, तो जायला नको. आणि लाईट गेली तरी फोन चालला पाहिजे. कुणी करून घेतलंय का?

लातूरचा वायरमन: दादा, नंबरचं आधी बघा. कंपनी बदलून नंबर तोच ठेवायची सोय आपल्याकडे मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही. म्हणून फायबर त्याच कंपनीचं घ्या आणि अर्जात 'जुना नंबर कायम ठेवून बदल' असं स्पष्ट लिहा. जुनी लाईन बंद करायचा अर्ज आधी देऊन बसू नका. नव्यावर बाहेरून फोन लावून बघा, मगच जुनीचं बघा.

आता लाईटचं. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडून 48 व्होल्ट येतात, त्यावर साधा फोन चालतो. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरातलं मोडेम बंद पडलं की फोनही मुका. घरी इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्यावरच्या बोर्डात घ्या. नसेल तर राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात (बहुतेक 12 व्होल्ट), ते वाचून त्याच मापाचा आणा.

नांदेडहून: वायरमनभाऊंचं बरोबर, पण अर्धंच. तुमच्या घरी यूपीएस असला तरी ऑपरेटरच्या मुख्य मशीनला बॅकअप नसेल तर काही उपयोग नाही. पैसे भरायच्या आधी गल्लीत ज्यांच्याकडे हे कनेक्शन आहे त्यांना विचारा, लाईट गेल्यावर नेट राहतं का. आमच्याकडे उन्हाळ्यात वळीव आला की फिडर (भागाला वीज देणारी लाईन) बंद होतो, खरी परीक्षा तेव्हाच असते. एक फायदा मात्र मोठा आहे. वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका येऊन फोन, मोडेम जळायचे. फायबरमधून तो येत नाही.

लातूरचा वायरमन: खरंय. अजून एक, परभणीकर. आतल्या खोलीत पॅरलल फोन (त्याच लाईनवरचा दुसरा फोन) आहे का? असेल तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी आधी तोडायची, मगच घरातली वायरिंग मोडेमच्या फोन पोर्टला जोडायची. दोन्ही एकत्र राहिले तर पोर्ट जळू शकतं. फोनच्या बुडाला टी-पी असं बटण असेल तर ते टी वर ठेवा, पी वर बऱ्याच मोडेममध्ये नंबर लागत नाही.

परभणीकर: पॅरलल आहे, देवघराजवळ. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इन्व्हर्टरही आहे, पण मोडेमची जागा दुसऱ्या भिंतीला दाखवलीय. उद्याच बाबांना सांगून ती बदलायला लावतो. आणि समोरच्या काकूंकडे हेच कनेक्शन आहे, त्यांनाही विचारतो.