अनुभव धागा : तिकडे आपण, इकडे ते

ओगा_पुणेकर

काल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. बी विंगमधला ४०२ आफ्रिकन विद्यार्थ्यांना भाड्याने देऊ नये, सहमत असणाऱ्यांनी अंगठा टाकावा. दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. मला एकदम नायजेरियातल्या लेगॉसमधला २०१३ चा नोव्हेंबर आठवला.

मी तेव्हा लेगॉसच्या इकेजा भागात एका प्लास्टिकच्या कारखान्यात अकाउंट्सला होतो. ऑक्टोबरच्या शेवटी गोव्यात पर्राला एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या लोकांनी पर्वरीला महामार्ग अडवला, शववाहिकेतून मृतदेह बाहेर काढला. मग बेकायदा राहणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं, नंतर माफी मागितली. आणि नायजेरियाच्या वकिलातीतला एक अधिकारी म्हणाला, लोकांना घराबाहेर काढणं थांबलं नाही तर तिकडचे हजारो भारतीय रस्त्यावर येतील. तुम्ही बातमी वाचून पान उलटलं असेल. त्या हजारोंत आम्ही होतो.

सोमवारी गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकला, पण गेट उघडायच्या आधी गाडीच्या काचेला पेपर लावून दाखवला. "ओगा, धिस युअर पीपल?" (ओगा म्हणजे साहेब.) काय सांगणार! आत आमचा सुपरवायझर, इग्बो (तिकडचा एक मोठा समाज) माणूस. त्याचा भाचा नालासोपाऱ्यात राहून कपड्यांचा माल तिकडे पाठवायचा. गोव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण घरमालकाने खोली रिकामी कर म्हणून सांगितलेलं. सुपरवायझरने फोन माझ्या हातात दिला : तुझ्या भाषेत बोल त्याच्याशी.

घरमालक मराठीच निघाले, मूळचे वसईचे. मी लेगॉसहून बोलतोय म्हटल्यावर आवाज एकदम मऊ झाला. "तिकडे तुम्हाला काय त्रास देत नाहीत ना हो हे लोक?" म्हटलं, काका, माझा घरमालक नायजेरियनच आहे. अजून तरी नाही दिला.

महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्याहून जास्त नाही. सुपरवायझरने मला एक शब्द वावगा बोलला नाही, पण दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा, ते काही दिवस बंद झालं.

तुमचेही अनुभव लिहा. तिकडे राहिलेले, इथे शेजारी असलेले, सगळे. भांडणं नकोत (होणारच म्हणा).

---

चिंचगुळ

रुमाल टाकून ठेवते. आज बाई आल्या नाहीयेत, संध्याकाळी लिहिते.

---

वाटसरू

जोबर्ग (जोहान्सबर्ग), सप्टेंबर २०१९. मी मिडरँडला होतो, परदेशी लोकांविरुद्धची जाळपोळ जेप्सटाउन, माल्व्हर्न, अलेक्झांड्रा इकडे. म्हणजे आम्हाला टीव्हीवरच दिसली. पण पेट्रोल पंपावर टायरची हवा बघणारा झिम्बाब्वेचा पोरगा गायब, कॉम्प्लेक्सचा माळी मलावीचा, तो विचारायला आला की गॅरेजमध्ये झोपलो तर चालेल का. जळलेली दुकानं बहुतेक बाहेरून आलेल्यांची. ज्यांच्याकडून उधारीवर ब्रेड न्यायचे, त्यांचीच फोडली. नोकऱ्या नाहीत हे खरं, पण माळ्याला हाकलून कुणाला कसली नोकरी मिळणार?

माझा एक नायजेरियन सहकारी त्यांच्या एअर पीस कंपनीच्या फुकट विमानाने परत गेला. दहाएक वर्षं राहिलेला माणूस. विमानतळावर कागदपत्रांवरून काही जणांना ताटकळत ठेवलं, तेही त्यानेच सांगितलं. जाताना टीव्ही मला देऊन गेला, पैसे घेईना.

आणि तिकडे लेगॉसात काय, तर चिडलेल्या लोकांनी शॉपराइट फोडलं. दक्षिण आफ्रिकेची कंपनी, पण आत कामाला सगळे नायजेरियनच! एमटीएन या त्यांच्याच मोबाइल कंपनीने दुकानं बंद ठेवली, दक्षिण आफ्रिकेने अबुजा आणि लेगॉसची वकिलातीची कार्यालयं बंद केली. त्याच आठवड्यात केप टाउनला मोठी आर्थिक परिषद होती, नायजेरिया गेलाच नाही. झांबियाने फुटबॉलची मॅच रद्द केली. हे दक्षिण आफ्रिकेला जास्त झोंबलं असं मला वाटतं, कारण वर्णभेदाच्या काळात एएनसीचं (मंडेलांच्या पक्षाचं) ठाणं झांबियाच्या लुसाकातच होतं. मग झिम्बाब्वेच्या मुगाबेंच्या अंत्यविधीला हरारेत दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष रामाफोसा बोलायला उभे राहिले तर स्टेडियमभर हुर्यो. भर कार्यक्रमात माफी मागावी लागली त्यांना.

---

जोबर्गची_जाऊबाई

@वाटसरू तुम्ही मिडरँडच्या गणपतीला यायचात का? त्या वर्षी सोमवारी गणपती बसले आणि आदल्या दिवशीच हे सुरू झालं. मखराला मदत करणारा मोझांबिकचा मुलगा आलाच नाही. आमच्या "ह्यांनी" शिडीवर चढून स्वतःच लायटिंग केलं, निम्मे दिवे लागलेच नाहीत.

पाचव्या दिवशी तो आला. म्हणाला, मावशीकडे होतो, २००८ साली काकाला मारलं होतं, तेव्हापासून घरचे ठिणगी पडली की आधी दार लावून घेतात. २००८ ला साठाहून जास्त माणसं गेली होती. आम्ही तेव्हा भारतातच होतो, काही माहीतच नव्हतं. त्याला मोदक दिले. आतलं सारण खाल्लं आणि पारी बशीत ठेवली, हाहा.

---

वाटसरू

@जाऊबाई हो हो! ढोल कमी आणि भाषणं जास्त, तोच ना गणपती?

---

जोबर्गची_जाऊबाई

भाषण करणारे आमचे हेच. 😂

---

कोकणी_खेकडा

म्हापशाला हॉटेलात होतो तेव्हा. पर्रा हाकेच्या अंतरावर. आमच्या किचनमध्ये यल्लापूरकडचा एक सिद्दी होता, म्हणजे पूर्वज आफ्रिकेतले, पण माणूस इथलाच. त्या दिवसांत बाजारात मासे आणायला गेला तर चार जणांनी घेरून पासपोर्ट मागितला. त्याने कोकणीत शिव्या घातल्या, तरी पटेना. कन्नडमध्ये घातल्या. शेवटी मतदार ओळखपत्र काढून दाखवलं, तर एक जण म्हणतो, हे बनावट दिसतंय. बांगडे तसेच पिशवीत, वास सुटलेला. परत आला तेव्हा शेफ उशीर झाला म्हणून ओरडला तो वेगळाच.

---

तटबंदी

सिद्दी म्हटल्यावर जंजिरा आठवायलाच पाहिजे. अजिंक्य राहिलेला किल्ला. शिडाच्या होडीतून गेलाय का कुणी? हल्ली मुरुडपेक्षा राजापुरीहून जाणं सोयीचं.

---

सत्तूपंत

सगळं ठीक आहे हो, पण ड्रग्जचं काय? नालासोपाऱ्यात राहून बघा म्हणजे कळेल. एसीत बसून मानवतावाद सोपा असतो.

---

मीरा_रोडवाली

@सत्तूपंत नालासोपाऱ्यातच राहायचे, आयडी नंतर घेतलाय. एसी नव्हता.

पकडले जातात, खरं आहे. पकडावंच. पण आमच्या वरच्या मजल्यावर जो नायजेरियन होता तो शर्टांचे गठ्ठे बांधून कार्गोला पाठवायचा. गठ्ठा जिन्यातून उतरवताना माझ्या सासूबाईंची तुळस पाडली, तर दुसऱ्या दिवशी नवी कुंडी घेऊन दारात. सासूबाई त्याला सोवळ्यात आत घेईनात, पण कुंडी घेतली. धाड पडली तेव्हा पोलीस त्यालाही घेऊन गेले, कागद बघून संध्याकाळी सोडलं. तोवर बिल्डिंगने त्याचं सामान जिन्यात आणून ठेवलेलं. आमच्या तळमजल्यावरचा एक सोन्यासारखा मुलगा गर्द विकताना सापडला होता, त्याच्या आईबापाचं सामान कुणी जिन्यात ठेवलं नाही.

---

सत्तूपंत

मी सगळ्यांना म्हणालो नाही. व्हिसा संपल्यावर राहणाऱ्यांबद्दल बोलतोय.

---

मीरा_रोडवाली

मग तसं लिहा की.

---

घारू

किन्शासा (काँगोची राजधानी), मे २०१६. मिस्टर मोबाइल टॉवरच्या कामावर होते, मी मुलीला घेऊन सुट्टीपुरती गेलेले. दिल्लीत वसंत कुंजला काँगोच्या एका तरुणाला ठेचून मारलं, रिक्षावरून वाद झाला होता. तो तिथे फ्रेंच शिकवायचा. दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी 'आफ्रिका डे'चा कार्यक्रमच पुढे ढकला म्हणून सांगितलं, नवे विद्यार्थी भारतात पाठवू नका असं आपापल्या सरकारांना कळवू म्हणाले. सुषमाताईंना आणि व्ही. के. सिंगांना बरीच धावपळ करावी लागली. हे सगळं वर वर.

खाली आमच्या गल्लीत काय? भारतीयांच्या दुकानांवर दगड. काही जण जखमी झाले. ज्यांची दुकानं होती ते बहुतेक गुजराती, पण दगडाला काय कळतंय. मिस्टरांच्या हाताखालचा मुलगा सकाळी आला, म्हणाला मॅडम आज बाहेर पडू नका, ब्रेड मी आणतो. ब्रेड घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. विचारलं, दिल्लीत रिक्षाला किती पैसे पडतात? यांनी सांगितलं, जवळचं असेल तर पन्नास-साठ रुपये. त्याने मोबाइलवर हिशोब केला, त्यांच्या फ्रँकमध्ये. पुन्हा एकदा केला. काही बोलला नाही, फ्रीजरशेजारी ब्रेड ठेवून गेला.

कुकर झाला, येते.

---

चिंचगुळ

@घारू 🙏

बाई आज पण नाहीत. असो. माझा अनुभव नाही, आईचा आहे. बाबा नायजेरियात कानोजवळ शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा खूप भारतीय शिक्षक होते तिकडे. १९८३ च्या जानेवारीत सरकारने फतवा काढला की कागद नसलेल्या परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत चालतं व्हावं. सर्वात जास्त घानाचे, तेच दहा लाखांच्या आसपास. तेलाचे भाव पडलेले, निवडणूक तोंडावर, मग खापर कुणावर तरी फोडायचंच. बाबांच्या शाळेतला घानाचा इंग्रजीचा मास्तर आईकडे शिवणयंत्र ठेवून गेला, परत येऊन नेतो म्हणाला. आई ते वापरायची नाही. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या बाईंकडे दिलं, "तो आला तर द्या".

आणि घानानेही १९६९ ला नायजेरियनांना असंच हाकललं होतं. उट्टं निघालं म्हणायचं.

---

ओगा_पुणेकर

@चिंचगुळ त्या वेळच्या लाल-निळ्या चौकडीच्या प्लास्टिकच्या पिशव्या, आपल्याकडे गावी जाताना लोक नेतात त्याच, लेगॉसात अजून "घाना मस्ट गो" नावाने विकतात. मी स्वतः एक घेतली होती, गादी भरायला.

---

चिंचगुळ

अय्या, आईला सांगते.

---

रानजाई

पुण्यात कॉलेजात शिकवते. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एक बारावीचा मुलगा गेला, नायजेरियन मुलांनी ड्रग्ज दिले असा संशय. त्याआधी तो सापडत नव्हता तेव्हा तर त्यांनी त्याला खाल्लं म्हणून अफवा, फ्रीज उघडून बघितले होते लोकांनी! पकडलेल्या पाच जणांना पुराव्याअभावी सोडलं, तर मोर्च्यानंतर मॉलमध्ये दिसेल त्या आफ्रिकन मुलाला खुर्च्यांनी मारलं. आफ्रिकी राजदूतांनी हा सरळ वंशद्वेष आहे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने चौकशी करावी असं म्हटलं. आपल्या परराष्ट्र खात्याला ते लागलं, एवढी कारवाई करूनही असं म्हणतात म्हणून.

माझ्या वर्गात सुदानची मुलं होती. त्यांच्या आयांचे फोन, कोंढव्यात सुरक्षित आहे का? नोएडा कुठे नि कोंढवा कुठे, पण आईला नकाशा दाखवून काय उपयोग. त्यांच्या घरमालकीणबाईंपर्यंतही फ्रीजची अफवा पोचली होती. मुलं कॉलेजात असताना किल्ली लावून बघून आल्या. मला स्वतःच सांगितलं त्यांनी. आत अंडी, टोमॅटो आणि त्यांनीच दिलेली लोणच्याची बरणी, न उघडलेली. म्हणाल्या, लोणचं आवडलं नाही वाटतं त्यांना.

---

कोकणी_खेकडा

बेंगळुरूचं कुणी लिहिलं नाही. २०१६, जानेवारीचा शेवट. अपघात केला सुदानच्या मुलाने. अर्ध्या तासाने तिथून टांझानियाची मुलगी चालली होती, तिला गाडीतून ओढून मारलं, गाडी जाळली. देश वेगळा, माणूस वेगळा, काही देणंघेणं नाही. आमच्या सिद्द्याचंच मोठं रूप.

---

भाडेकरू_नं१

धागाकर्ते, ४०२ चं काय झालं? आणि एक प्रश्न : सोसायटी असं अडवू शकते का? आमच्याकडे बॅचलर्सवर हेच चाललंय.

---

ओगा_पुणेकर

अजून काही नाही, रविवारी मीटिंग ठेवलीय. मालक दुबईत, त्याला भाड्याशी मतलब.

आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेऊ शकतात. परदेशी भाडेकरू असेल तर मालकाने तो आल्यापासून चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची (पूर्वी याला फॉर्म सी म्हणत), पोलिसांत भाडेकरार द्यायचा. हे सगळं ग्रुपवर टाकलं. त्यावर एकही अंगठा नाही.

---

सत्तूपंत

फॉर्म सी बद्दल माहीत नव्हतं. लिंक असेल तर द्या, मेहुण्याचा फ्लॅट आहे खारघरला.

---

मीरा_रोडवाली

बघा, कामाचं निघालं की नाही 😄

---

गडी_नवीन

सर्वांना नमस्कार. वाचनमात्र होतो, आज लिहितोय. लेगॉसची ऑफर आलीय, घरचे घाबरलेत. धागा वाचून मी पण थोडा. यलो फिव्हरची लस लागतेच का? आणि जोहान्सबर्गमार्गे तिकीट स्वस्त पडतंय, घेऊ का?

---

ओगा_पुणेकर

लस लागतेच, आणि ती ठरलेल्या सरकारमान्य केंद्रातच मिळते. निघायच्या किमान दहा दिवस आधी घे, आता एकदा घेतली की जन्मभर चालते. लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधून ठेव. मी गंमत करत नाहीये. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कार्ड खोटं म्हणून १२५ नायजेरियनांना विमानतळावरूनच परत धाडलं. नायजेरियाने लगेच त्यांची माणसं परत पाठवायला सुरुवात केली. शेवटी दक्षिण आफ्रिकेने माफी मागितली, पण तोवर दोन्हीकडे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं कार्ड उलटंपालटं करून बघायचे. मी त्या रांगेत होतो, मराठी नावाचं काय करावं ते काउंटरवरच्या बाईला कळेना. तेव्हा जोबर्गमार्गे नको, इथिओपियन एअरलाइन्सने अदिस अबाबामार्गे जा.

पगार ठरवताना जनरेटरचं डिझेल कोण भरणार ते लेखी घे. घर, गाडी, ड्रायव्हर सगळे देतात, डिझेलवर येऊन अडतात.

---

गडी_नवीन

धन्यवाद काका. डिझेलचं विचारतो. मसाले किती किलो नेता येतात?